फुप्फुसाचा रोग आणि बोटाचे हाड

नखुरडे म्हणजे काय हे मावळातल्या माणसाला सांगावयास नको. आवणीच्या दिवसांत चिखलात हात घालून घालून नखांच्या कडा भिजून मऊ होतात, त्यात एखादे कूस शिरते, आणि दुसऱ्या दिवशी बोटाचे टोक लाल होऊन ठणकू लागते. मग घरातील वडीलधारी बाई लिंबाला भोक पाडून त्याची टोपी बोटावर चढविते. त्याने भागले तर ठीक, नाही तर डॉक्टर चीर देऊन पू काढतात, आणि आठवड्याभरात माणूस पुन्हा कामास लागतो. जवळजवळ सर्वच नखुरड्यांची कथा येथेच संपते. ती ज्या थोड्या ठिकाणी संपत नाही, त्याविषयी आम्हांस आज लिहावयाचे आहे.

अशी कल्पना करा की, तिकोणा पेठेतील साठीच्या एका गृहस्थांचा उजवा अंगठा असाच सुजला आहे. लिंबाची टोपी झाली, गोळ्या झाल्या, चीरही दिली गेली. पण पू आला नाही, नुसते रक्त आले. महिना होत आला तरी सूज हटत नाही. रात्री ठणका असा की हात उशीवर उंच धरून बसावे लागते. शेवटी कामशेतला जाऊन अंगठ्याचे क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा शेवटच्या पेराचे हाड वाळवी लागलेल्या काठीसारखे पोखरून गेलेले दिसले. तेथला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात फुप्फुसातील कर्करोगाच्या पेशी निघाल्या. गृहस्थांना खोकला नाही, थुंकीत रक्त नाही. बिडी मात्र चाळीस वर्षांची.

हे गृहस्थ आम्ही कल्पिले आहेत. रोगाची ही रीत मात्र जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत शतकाहून अधिक काळ नोंदली जात आली आहे. हाताच्या व पायाच्या टोकाच्या हाडांत कर्करोग पोचणे ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या हजार रुग्णांत एखादा असा निघतो, असा ढोबळ अंदाज वैद्यकीय ग्रंथांत दिलेला असतो. पण हाताच्या हाडांपुरते पाहिले, तर त्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्णांत मूळ रोग फुप्फुसात असतो. आणि काहींच्या बाबतीत बोटाची ही सूज हीच त्या रोगाची पहिली दृश्य खूण ठरते.

छातीतला रोग बोटाच्या पेरापर्यंत जातो कसा? शरीरातील रक्ताची वाट एकदा ध्यानात घेतली की याचा उलगडा होतो. ही वाट समजावून सांगण्यास तिकोण्याच्या पायथ्याइतकी चांगली जागा नाही, कारण किल्ल्यावरून पवनेचा जलाशय समोर पसरलेला दिसतो. धरणाच्या वरच्या अंगाला ओढ्यात पडलेला पालापाचोळा जलाशयात येऊन अडकतो. पलीकडे जाणारा त्यातला थोडा. परंतु धरणाच्या खाली नदीत पडलेले पान कशाला अडावे? ते वाहत वाहत थेट दापोडीपर्यंत, मुळेच्या संगमापर्यंत जाते.

शरीरात अशी दोन मोठी धरणे आहेत. आतड्यांतले रक्त प्रथम यकृतात जाते, म्हणून आतड्याच्या कर्करोगातून सुटलेल्या पेशी पुष्कळदा यकृताच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. स्तन, मूत्रपिंड, हातपाय यांतून परतणारे रक्त हृदयाच्या उजव्या बाजूस येऊन फुप्फुसांत शिरते, म्हणून तिकडून सुटलेल्या पेशींना फुप्फुसाची गाळणी लागते. फुप्फुसातच उपजलेल्या रोगाचे काय? तो धरणाच्या खालच्या अंगाला आहे. त्यातून सुटलेली पेशी फुप्फुसाच्या नीलेतून, म्हणजे शिरेतून, हृदयाच्या डाव्या बाजूस येते आणि पुढच्याच ठोक्याला महारोहिणीत फेकली जाते. तेथून मेंदू, अधिवृक्क, पाठीचा कणा, अंगठ्याचे टोक, सर्व वाटा तिला मोकळ्या. इतर कर्करोगांच्या मानाने फुप्फुसाचा रोग अशा आडजागी अधिक वेळा का सापडतो, याचे मोठे कारण या वाटेत आहे.

मात्र वाट मोकळी असली म्हणजे मुक्काम ठरला असे नाही. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यवैद्याने १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या सातशेहून अधिक स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी तपासल्या. रोग सर्वत्र सारखा न पसरता काही अवयवांतच रुजतो, असे त्यास आढळले, आणि त्याने बी व जमीन यांचा दृष्टांत दिला. बी चहूकडे उडते, उगवते ते मानवणाऱ्या जमिनीतच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी आमच्या खाचरांत जसा पिकतो तसा माळरानावर पिकणार नाही, हे येथे कुणास पटवून द्यावे लागेल? कर्करोगाच्या पेशीला मानवणारी जमीन म्हणजे हाडांतील लाल मगज. प्रौढ माणसात हा मगज मणके, फासळ्या, छातीचे हाड, कटी, कवटी, मांडीच्या व दंडाच्या हाडांची वरची टोके एवढ्यांतच उरतो. म्हणून फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दर दहांपैकी तीन-चार रुग्णांच्या हाडांत केव्हा ना केव्हा रोग पोचत असला, तरी तो बहुधा कण्यात, फासळीत, कटीत किंवा खुब्यात असतो. बोटांच्या हाडांत लाल मगज जवळजवळ नसतोच. तेथे बी पडले तरी रुजणे कठीण. तरीही कधी ते रुजते. कामाचा उजवा हात, त्याला वरचेवर लागणारा मार, त्यामुळे तिकडे वाढणारा रक्तपुरवठा, असे तर्क त्याविषयी केले जातात. तळहाताच्या मानाने बोटाच्या शेवटच्या पेरात, आणि त्यातही अंगठ्यात, हा रोग अधिक आढळतो. पायात तो बहुधा टाचेच्या हाडात शिरतो.

कण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. मणक्यांभोवती शिरांचे एक जाळे आहे आणि त्या शिरांना झडपा नाहीत. अमेरिकेतील शारीरविज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० साली शवांच्या शिरांत रंगद्रव्य भरून दाखविले की, पोटावर किंवा छातीवर दाब पडला म्हणजे या जाळ्यात रक्त उलट दिशेनेही वाहते. खोकला, कुंथणे, जड ओझे उचलणे या प्रत्येक वेळी असा दाब पडतो. म्हणजे कण्याकडे जाण्यास रोगाला हमरस्ता आहेच, आणि वर ही एक चोरवाटही आहे.

हाडात शिरल्यावर कर्करोगाची पेशी स्वतः हाड खात नाही, ही बाब आम्हांस नेहमी विलक्षण वाटत आली आहे. आपल्या हाडांत जुने हाड पोखरणाऱ्या आणि नवे हाड रचणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी जन्मभर काम करीत असतात. गवंड्याने जुनी भिंत उतरवावी आणि त्याच दगडांनी नवी रचावी तसा हा उद्योग चालतो. कर्करोगाची पेशी पोखरणाऱ्या पेशींना चिथावते. त्या हाड विरघळवू लागल्या म्हणजे हाडात साठलेली वाढीची द्रव्ये सुटतात आणि त्यांवर कर्करोगाचीच वाढ होते. वाढला की तो आणखी चिथावतो. घरफोड्याने घरच्याच गड्यांना फितवून तिजोरी उघडून घ्यावी, तसे हे आहे. त्या पोखरणीत सुटलेले कॅल्शियम रक्तात फार वाढले तर विलक्षण तहान, बद्धकोष्ठ आणि गुंगी येते. घरची माणसे ते म्हातारपणावर किंवा उन्हाळ्यावर ढकलतात.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. महाराष्ट्रात छातीच्या चित्रात डाग दिसला की प्रथम क्षय आठवतो, आणि तसे होणे योग्यच आहे. क्षय आपल्याकडे कर्करोगाहून कितीतरी अधिक आहे. क्षयही हाडांत जातो. कण्याचा क्षय आणि लहान मुलांच्या बोटांचा क्षय जुन्या वैद्यांच्याही परिचयाचे आहेत. त्यामुळे छातीत डाग आणि पाठीत दुखणे ही जोडी दिसली की दोहोंचा अर्थ क्षय असा लावला जातो आणि औषधे सुरू होतात. पुष्कळदा निदान बरोबरही ठरते. जेथे ते चुकते तेथे मात्र हातचे महिने निघून जातात, आणि हे महिने परत आणता येत नाहीत.

दोन्ही रोगांची चाल वेगळी आहे. कण्यातील क्षय बहुधा दोन मणक्यांमधील चकती आणि तिच्या दोन्ही अंगांचे मणके अशी सलग नासधूस करतो. कर्करोग मणक्याच्या हाडात शिरतो, त्याचा मागचा खांब पाडतो, पण चकती पुष्कळदा शाबूत ठेवतो. यावरून क्ष-किरणतज्ज्ञांत एक बोलणे रूढ आहे: चकती नासली तर बातमी बरी, चकती चांगली तर बातमी वाईट. बोटातही तेच. पूजन्य रोग सांध्यात शिरून दोन्ही हाडांच्या टोकांचा कूर्चा खातो. कर्करोग एका पेराचे हाड पार नाहीसे करतो तरी सांध्यापलीकडे बहुधा जात नाही. हे नियम अर्थात अपवादांसकट घ्यावयाचे. खरा निवाडा देतो तो हाडाचा तुकडा. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले तर प्रश्न मिटला. ते सापडले नाहीत आणि औषधे नीट घेऊनही दोन महिन्यांत डाग व दुखणे होते तेथेच राहिले, तर तुकडा काढून तपासावयाचा का, हे डॉक्टरांना विचारण्याचा रुग्णास पूर्ण अधिकार आहे. क्षयाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणे मात्र कधीही करू नये.

साधे क्ष-किरण चित्र स्वच्छ आले म्हणून निश्चिंत होऊ नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. हाडातील खनिजांपैकी तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत भाग नाहीसा होईतो साध्या चित्रात खळगा दिसत नाही. एमआरआय व पेट-सीटी या तपासण्या त्याआधीच माग काढतात. त्या खर्चाच्या आहेत, तेव्हा त्या कुणाच्या करावयाच्या यास विवेक लागतो. विवेकाचा आधार म्हणजे दुखण्याचा स्वभाव. ओझे उचलून धरलेली पाठ पडून राहिले की सुखावते. हाडात बसलेल्या रोगाचे दुखणे पडल्यावर थांबत नाही, रात्री वाढते, आठवड्यागणिक चढत जाते आणि बोट ठेवून दाखविता येते. अशा दुखण्याबरोबर पायांत अशक्तपणा, कमरेखाली बधिरपणा किंवा लघवी अडणे असे काही झाले, तर मणक्यातील मज्जारज्जू दाबली जात आहे असे समजून त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात पोचावे. पाय एकदा पुरते गेले म्हणजे ते परत येणे अवघड असते.

खांद्याचे एक दुखणेही याच घराण्यातले आहे. फुप्फुसाच्या अगदी शेंड्यावर वाढणारी गाठ वरच्या फासळ्या पोखरते आणि हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना दाबते. फिलाडेल्फियाचे क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट यांनी १९२४ व १९३२ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दुखणे खांद्यातून दंडाच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत उतरते. कधी त्याच बाजूची पापणी किंचित लोंबते. खांदा आखडला म्हणून महिनोन्महिने तेलपाणी आणि शेक चालू राहतो, आणि छातीचे चित्र काढावयाचे कुणाच्या मनातही येत नाही.

बोटांच्या आणखी एका खुणेचा उल्लेख येथे केला पाहिजे, जरी ती रोगप्रसाराची नव्हे. हिपोक्रेटिसच्या काळापासून वैद्यांना ठाऊक आहे की छातीच्या काही जुन्या रोगांत बोटांची टोके गदेसारखी फुगीर होतात. दक्षिण आफ्रिकेचे हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी, स्वतःच्याच आजारात आपली बोटे अशी होत गेलेली पाहून, १९७६ साली एक सोपी परीक्षा सांगितली. दोन्ही हातांच्या सारख्या बोटांची नखे पाठीला पाठ लावून धरावी. निरोगी बोटांत नखांच्या मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची एक लहानशी फट राहते. बोटे फुगीर झाली असली की ती बुजते. वाचकांनी ही परीक्षा आताच करून पाहिली असेल अशी आमची खात्री आहे. फट नाही म्हणून कुणी घाबरून जाऊ नये. काही घराण्यांत बोटे जन्मतःच तशी असतात, आणि हृदयाच्या, यकृताच्या व फुप्फुसाच्या इतर विकारांतही ती तशी होतात. पण गेल्या काही महिन्यांत ती नव्याने तशी झाली असतील आणि मनगटे व घोटे सुजून ठणकत असतील, तर संधिवाताचे औषध घेण्याबरोबर छातीचे चित्र काढणे शहाणपणाचे. यात कर्करोगाच्या पेशी हाडात गेलेल्या नसतात. फुप्फुसातील गाठीच्या प्रभावाने हाडांवरचे आवरण नवे हाड रचू लागते. गाठ शस्त्रक्रियेने काढली की हे दुखणे कधी कधी इतक्या झपाट्याने उतरते की रुग्णास स्वतःस खरे वाटत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हाडाचे दुखणे ही रोगाची पहिली खूण असू शकते, पण ती रोगाची पहिली पायरी असत नाही. बोटाच्या पेरात पेशी पोचली याचा अर्थ रोग घर सोडून बाहेर पडला आहे. जुन्या नोंदींत अशा रुग्णांचे आयुष्य बहुधा महिन्यांतच मोजलेले दिसते. मग लवकर ओळखून काय साधते, असे कुणी विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. तीस वर्षांपूर्वी आम्हांस त्याचे उत्तर देताना अडखळावे लागले असते. आज तसे नाही. काढलेल्या तुकड्यावर जनुकांची तपासणी करता येते. भारतातील फुप्फुसाच्या ग्रंथिल कर्करोगाच्या साधारण चौघांपैकी एका रुग्णात ईजीएफआर नावाच्या जनुकात असा बदल सापडतो की ज्यावर रोज घ्यावयाची गोळी लागू पडते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात अशा ३५० रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना केवळ गेफिटिनिब ही गोळी दिली, निम्म्यांना गोळीबरोबर रसायनोपचारही दिले. रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यम काळ पहिल्या गटात ८ महिने, दुसऱ्यात १६ महिने भरला. दुष्परिणाम दुसऱ्या गटात अधिक झाले, हेही खरे. परंतु नातवाच्या मुंजीस बसणे किंवा शेताच्या वाटण्या स्वतःच्या हाताने करून देणे ज्या घरात यावर अवलंबून असते, तेथे हे आठ महिने कुणी मोजून हिणवणार नाही.

गोळी लागू पडो वा न पडो, वेदना कमी करणे जवळजवळ नेहमीच शक्य असते. पोखरलेल्या हाडावर किरणोपचाराची एकच मात्रा दिली तरी अनेक दिवस रोज दिलेल्या उपचाराइतकाच ठणका उतरतो, असे अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. मावळातून रोज पुण्यास हेलपाटे घालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. पोखरणाऱ्या पेशींना आवर घालणारी झोलेड्रोनिक आम्लासारखी औषधे आहेत. खुब्याचे हाड मोडण्याच्या बेतात असेल तर आधीच सळी घालून ते सावरता येते. मोडल्यावर तेच काम दुप्पट त्रासाचे होते.

रोग होऊच नये यासाठी काय करावे हे आता नवे राहिलेले नाही. टाटा रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत उघडले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या लोकांच्या तंबाखू-चुन्याच्या सवयींचा तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध धुंडाळण्यात मोठा काळ घालविला. १९५० साली इंग्लंडात डॉल व हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखविले. बिडी पानाची, म्हणून निरुपद्रवी, हा आपल्याकडचा समज निराधार आहे. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके जवळजवळ घ्यावे लागतात, आणि धूर अधिक खोल जातो. ज्यांनी आयुष्यात बिडी-सिगारेटला हात लावला नाही अशांनाही हा रोग होतो. चुलीतल्या लाकूडफाट्याचा घरात कोंडणारा धूर हे एक संभाव्य कारण म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदले आहे. तेव्हा 'बाईमाणूस, बिडी कुठली ओढते' एवढ्या आधारावर तिच्या हाडाचे दुखणे बाजूला सारू नये.

अशी व्याख्याने देऊन काय होते, असा प्रश्न आम्हांस एकदोघांनी विचारला होता. बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागासाठी कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. नोंदणीच्या कामासाठी गावोगाव जाणारे लोक या रोगाची माहितीही सांगत. काही वर्षांनी पाहिले तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत इस्पितळात येऊ लागल्या होत्या. १९९५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या गावांत नवे यंत्र गेले नव्हते, नवे औषध गेले नव्हते.

आता थोडे व्यवहाराचे. कामशेतहून लोकल पुण्यास जाते, तेथे ससून आहे. उलट दिशेने लोणावळ्यावरून मुंबई गाठली की परळला टाटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील पुष्कळ उपचार बसतात, तेव्हा निघताना शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर असावे. बिडी किती वर्षे आणि दिवसाला किती, हे खरे सांगावे. सुनेसमोर सांगण्यास संकोच वाटत असेल तर तिला क्षणभर बाहेर बसवावे. आणि कपाटामागे खोचून ठेवलेली छातीची जुनी चित्रे, मग ती दहा वर्षांपूर्वीची का असेनात, झटकून बरोबर घ्यावी. डाग नवा की जुना हे त्यांवरूनच ठरते. जुन्या चित्रात तोच डाग तेवढाच दिसला, तर पुष्कळदा रुग्ण त्याच संध्याकाळच्या गाडीने घरी परततो.